शिवणीची फळी आणि तहसीलदार

शेवटी फळी बुडाली नाही, गरगरली नाही, सरळ गेली. आणि तिच्यावर उभं राहून हिप्परग्याच्या तलावात लाटेवर स्वार झालेला पहिला जीव म्हणजे एक मेंढा.

पण असं काही घडलेलंच नाही. मेंढ्याचा विषय इथेच मिटला. पुढे तो समोर आलाच, तर वाचकांनी ओळख दाखवू नये.

तर, सोलापुरात शुक्रवार पेठेत राजेसाबांचं भाकरीचं पीठ मळायच्या लाकडी काठवटी करायचं दुकान आहे. मुलगा अतीक त्यांच्या हाताखाली तयार झाला. वाकसाने लाकूड कोरून त्याला पोट काढायचं, एवढं एकच काम तो लहानपणापासून करत आला होता. मग एक दिवस फोनवर त्याला कुठल्याशा बेटावरचा माणूस दिसला. लाकडाच्या नुसत्या फळीवर उभा राहून तो समुद्राच्या लाटेवरून घसरत चालला होता. अतीकने शोधाशोध केली. कळलं ते असं, की नेहमीच्या सर्फबोर्डाच्या पोटाखाली माशासारखा एक पर असतो, त्यामुळे बोर्ड सरळ जातो. ह्या माणसाच्या फळीला पर नव्हता. मग ती सरळ जाते कशी? हा प्रश्न अतीकच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. जेवताना त्याने कालवणाच्या वाटीत पापडाचा तुकडा ढकलून पाहिला. तुकडा आधी फिरला, मग बुडाला, मग अतीकने खाल्ला. उत्तर मिळालं नाही.

त्याच सुमारास जुळे सोलापुरातल्या एका बंगल्यात गाडी लावायला जागा हवी म्हणून शिवणीचं झाड पाडलं आणि त्याचा ओंडका दुकानात आला. शिवण हलकी, पाण्याला दाद न देणारी. अतीकने त्यातली सगळ्यात लांब फळी निवडून बाजूला ठेवली, तेव्हा पोरगं धंद्यात लक्ष घालायला लागलं असं राजेसाबांना वाटलं. त्या समाधानात त्यांचे दोन-तीन दिवस चांगले गेले.

अतीकने फळीच्या कडा गोल केल्या, नाक निमुळतं केलं. रंग नाही, केमिकल नाही. घाण्यावरचं करडईचं तेल चोळून चोळून जिरवलं. चूक झाली ती एकाच ठिकाणी. पोट सपाट ठेवायचं होतं, पण हातात वाकस आला की त्याचा हात आपोआप आत जायचा. फळी उलटी केली तर खाली नाकापासून शेपटापर्यंत उथळ खळगा. राजेसाबांनी त्यात बोट फिरवलं आणि एवढी लांब भाकरी नेमकी कोणाकडे खातात, अशी चौकशी केली.

खरी अडचण पेठेची झाली. माणसापेक्षा हातभर लांब फळी दुकानाबाहेर उन्हात उभी दिसल्यावर लोकांनी आपल्या परीने अर्थ लावला, की हा मय्यतीला गुस्ल द्यायचा, शेवटची आंघोळ घालायचा तख्ता. कोण गेलं, असं लोक हळू आवाजात विचारायला लागले. राजेसाब दुकानातून बाहेर आले की दचकायला लागले. समोरचा चहावाला “अरे, तुम्ही आहात होय,” म्हणाला, त्यात त्यांना किंचित निराशा ऐकू आली.

त्या दिवशी त्यांनी अतीकला बोलावलं.

“येत्या जुम्म्यापर्यंत ह्याच्यावर उभा राहून पाण्यावरून जाऊन दाखव,” ते म्हणाले. “नाही तर मी कापतो. चार-पाच काठवटी निघतील. पेठेत वाटून टाकतो, मी जिवंत असल्याबद्दल.”

अतीक फळी घेऊन हिप्परग्याला गेला. सोबत बहीण शाइस्ता, शूटिंग करायला. तलावात पाणी होतं. लाट मात्र नव्हती. अतीक फळीवर पालथा झोपून हात मारायला लागला, तशी फळी जागच्या जागी गरगर फिरली.

“भाई, आधी सांगायचं,” शाइस्ता काठावरून म्हणाली. “दळण आणलं असतं.”

लाट तयार करायचे प्रयत्न झाले. मासेमाराला होडी जोरात न्यायला सांगितली. त्याने ती जोरात नेली, पण दुसरीकडे. शाइस्ताने दगड फेकले. त्यातले काही पाण्यात पडले. हे सगळं काठावर बसून एक मेंढपाळ बघत होते. त्यांचं नाव धुळा. शेवटी त्यांनी विचारलं, “पोरा, पाण्यात काय हरवलंय का?”

“लाट पाहिजे, धुळामामा.”

“लाट व्हय. मग आदी सांगायचं की.”

धुळामामांनी जे समजावलं ते असं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि ती शुक्रवारी हितंच धुवायची होती. पुढचा मेंढा पाण्यात उतरला की मागचा अख्खा कळप एकदम उडी घेतो. त्या मेंढ्याचं नाव तहसीलदार. का, असं शाइस्ताने विचारलं. तो हलल्याशिवाय मागचं काहीच हलत न्हाय, असं उत्तर मिळालं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर राजेसाब स्कूटरवरून आले. पाठीमागे करवत बांधलेली. परत दुकानात जाऊन कापायचा हेलपाटा कशाला, असा त्यांचा हिशेब.

अतीक कमरेएवढ्या पाण्यात फळी धरून उभा राहिला. फळीचं शेपूट काठाच्या चिखलाला टेकलेलं, नाक समोरच्या काठाकडे. तहसीलदार उडी मारणार, कळप उडी मारणार, लाट येणार, अतीक उभा राहणार. बेत पक्का होता. करडईच्या तेलाचा विचार तेवढा राहिला होता.

तहसीलदार पाण्याशी आला आणि थांबला. त्याने नाक वर केलं. रोज संध्याकाळी तो करडईची पेंड खायचा, आणि आज पेंड पाण्यावर आडवी पडलेली त्याला दिसत होती. तो शांतपणे फळीवर चढला, चारी खूर जमवले आणि चाटायला लागला.

कळपाने एवढंच पाहिलं, की तहसीलदार गेले.

सगळ्या मेंढरांनी एकदम उडी घेतली. पाणी उठलं. अतीकच्या हातातून फळी सुटली, त्याच्यावरून निम्मा कळप गेला. तोंडात लोकर घेऊन तो वर आला तेव्हा लाट पुढे चालली होती, लाटेच्या डोक्यावर फळी होती आणि फळीवर तहसीलदार होते, चाटत. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, दोरी धरल्यासारखे सरळ. पलीकडचा काठ आल्यावर ते थांबा आल्यासारखे उतरले. शाइस्ताच्या फोनमध्ये फक्त आभाळ आणि तिचं स्वतःचं हसणं आलं.

अतीकने जाऊन फळी उचलून आणली आणि अब्बांसमोर करवतीशेजारी ठेवली.

“मी नाही गेलो,” तो म्हणाला. “कापा.”

राजेसाबांनी करवत उचलली नाही. त्यांनी फळी उलटी केली, खळग्यातून बोट फिरवलं, मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

“सरळ कसा गेला रे तो?”

अतीक म्हणाला, तेच तर मला कधीपासून विचारायचंय. धुळामामांचं मत पडलं, की चार पाय हायती, डुगडुगायचा प्रश्नच न्हाय. राजेसाबांचं म्हणणं, पाय नव्हे, पोट. काठवटीच्या पोटाने पाणी धरलं. पाय की पोट, ह्याचा निकाल एकाच मार्गाने लागणार होता. दोन पायांचं कोणीतरी उभं राहायला हवं होतं. अतीक स्वतःचं नाव सुचवणार तोच त्याला दिसलं, अब्बा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत होते.

पण मेंढरं धुऊन झाली होती. तहसीलदार पुन्हा पाण्याकडे बघेनात, आणि कातरणी उरकून धुळामामा दुधनीकडे निघणार होते.

करवत जशी आली तशी परत गेली. फळी पुन्हा दुकानाबाहेर उभी आहे. कोण गेलं, असं कोणी विचारलं तर राजेसाब सांगतात, अजून कोणी नाही, लाट मिळाली की मी जाणार. मग विचारणारा घाईने निघून जातो. सोमवारी त्यांनी सांगितलं आणि शाइस्ताने सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं:

“मा. कार्यकारी अभियंता साहेब यांस सविनय सादर. विषय: तलावात लाट सोडणेबाबत. अर्जदार काठवटीचा कारागीर असून अद्याप हयात आहे. तरी शेतीच्या पाण्याची पाळी सांभाळून दर शुक्रवारी नमाजनंतर, पर नसलेल्या फळीस झेपेल अशी मध्यम आकाराची एक लाट तलावात सोडण्यात यावी. लाट शिल्लक नसल्यास तहसीलदार (मेंढा) यांस दुधनीहून तात्पुरत्या प्रतिनियुक्तीवर परत बोलावण्यात यावे, ही नम्र विनंती.”