वंशगुरूंचं माप

"उतरला! अठ्ठावीस अंकांनी उतरला!"

वंशगुरूंच्या मदतनीस बाईंनी आकडा ओरडून सांगितला आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो दिवाणखाना टाळ्यांनी दणाणला. खुर्चीतल्या जाडजूड बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. दाराशी त्याचा रक्तदाब एकशे ब्याण्णव होता. दंडाला वंशपट्टा बांधून दहा मिनिटं डोळे मिटून बसला, तर एकशे चौसष्ट! ना गोळी, ना पथ्य!

"मी काहीच करत नाही हो," वंशगुरू मधाळ आवाजात म्हणाले. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ. विज्ञान आणि अध्यात्म, दोन्हीकडून पक्का बंदोबस्त. "आजोबांचं रक्त नातवाच्या मेंदूत उसळतं, म्हणून म्हातारपणी विसर पडतो. हा पट्टा सात पिढ्यांच्या लहरी शांत करतो. आणि यंत्र कधी खोटं बोलतं का?"

मागच्या रांगेत बसलेल्या टेलरताईंना एरवी खो-खो हसू आलं असतं. पण शेजारी त्यांचा थोरला भाऊ बसला होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता. दादा बसचा निवृत्त कंडक्टर. बेचाळीस थांबे त्याला उलटसुलट पाठ असायचे. त्यांचे वडील सत्तरीत स्वतःच्या घराचं दार विसरले, आत्याही त्याच वाटेनं गेली. आणि गेल्या महिन्यात दादा थांबे म्हणताना एकोणिसाव्याला अडकला. तेव्हापासून त्याची पाचावर धारण बसली होती. वंशपट्टा विकत घेऊन बांधला तसा त्याला धीर आला, आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं कपाटात कोंबल्या. त्याला तीन आठवडे झाले. बहिणीनं किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून टेलरताई आज स्वतः बघायला आल्या होत्या. तीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई ती. तिचं लक्ष गुरूंच्या माळेकडे नव्हतं, मापाकडे होतं. दाराशी माप घेतलं जाई ते जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसाचं. उभ्यानं, हात लोंबकळत, जाड बाहीवरूनच यंत्राची पट्टी आवळून. शिवाय मदतनीस बाई विचारत राहायच्या, "वडील कशानं गेले? आई कशानं?" वंशपट्टा बांधल्यावर मात्र बाही वर, हात उशीवर, पाठ टेकलेली आणि तोंड बंद. अंगावर कोट असताना माप घेणारा टेलर एक तर शिकाऊ असतो, नाहीतर लबाड.

निघताना त्यांनी 'लिफ्ट बंद आहे' या पाटीशेजारचं बटण सहज दाबून पाहिलं. लिफ्ट गुमान वर आली.

टेलरताईंनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून शंका पक्की केली आणि पुढच्या रविवारी दादाला घेऊन पुन्हा हजर झाल्या.

"गुरुजी, आज माझं माप घ्या. एकाच बापाची लेक मी. पट्टा घरूनच आणलाय."

दाराशी एकशे छप्पन्न भरले. मग पट्टा बांधून त्या दहा मिनिटं शहाण्या मुलीसारख्या गप्प बसल्या. एकशे तीस! टाळ्या पडल्या. वंशगुरूंनी पट्ट्यावर दोन बोटं टेकली आणि डोळे मिटले.

"अहाहा! लहरी वाहताहेत. पूर्वज प्रसन्न आहेत!"

"कुठल्या लहरी हो?" टेलरताईंनी पिशवीतून उसवणी काढली आणि पट्ट्याची शिवण टराटरा उसवली. "हे पँटच्या कमरेचं उरलेलं कापड, आणि आत कॉलरचं कॅनव्हास. काल दुपारी मीच शिवलाय. माझे पूर्वज कॅनव्हासवर प्रसन्न झाले म्हणायचे!"

बेकरीवाला फिसकन हसला आणि मग सगळा दिवाणखाना हसू लागला.

"श्रद्धेची टिंगल करता?" गुरूंचा मध आटला.

"मापाची करते. जिना चढवा, कोटावरून पट्टी आवळा, हात लोंबकळू द्या, बोलायला लावा, आकडा चढतो. बसवा, गप्प करा, आपोआप उतरतो. पट्टा बांधा नाहीतर चिंधी बांधा. लिफ्ट चालू आहे, मंडळी. पाटी लावलीय ती तुम्हाला धाप लागावी म्हणून."

एक आजी तरातरा बाहेर गेल्या आणि लिफ्टचं दार उघडून तिथूनच ओरडल्या, "अगं बाई, खरंच की!"

दादा मात्र हसत नव्हता. "म्हणजे माझा उतरलाच नव्हता?"

"उतरला होता रे. पण उतरून कुठं थांबला, हे कुणी पाहिलं? ये, बस इथं. स्वेटर काढ."

दहा मिनिटं दादा पट्ट्याशिवाय गप्प बसला. मग बहिणीनं नीट माप घेतलं. एकशे अडुसष्ट. या वेळी टाळी वाजली नाही. बेकरीवाल्यानं मनातल्या मनात आपला एकशे चौसष्ट आठवला आणि त्याचा चेहरा उतरला. वंशगुरू तेवढ्यात आतल्या खोलीत ध्यानाला गेले होते.

"मग मी बाबांसारखा होणार?" दादानं हळूच विचारलं.

"ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही घराण्यांत तसा कल असतो. कल म्हणजे निकाल नव्हे. पण चढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करतो, आणि आधीच धोका असेल तर तो वाढवतो. आईबाप बदलता येत नाहीत, दादा. रक्तदाब ताब्यात ठेवता येतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. माझी वाटते, त्याहून तुझी जास्त वाटते."

दादानं दंडावर उरलेल्या पट्ट्याच्या वळाकडे पाहिलं. "आणि गोळ्या घेऊनही विसरायला लागलो तर?"

"तर मी रोज सकाळी येऊन सांगेन, मी तुझी बहीण. शंभरदा सांगेन. पण भामट्याच्या नादानं गोळ्या टाकल्यास म्हणून विसरलास, तर ते मला सोसायचं नाही."

वाचकहो, चमत्कार पाहून टाळी वाजवायला कुणाची ना नाही. फक्त वाजवण्याआधी विचारा: माप कुणी घेतलं, कसं घेतलं, आणि पट्टा नसता तर काय झालं असतं? एवढ्यानं कुठलाही देव रागावत नाही; रागावतो तो दुकानदार.

दादा उठला. "चल, दवाखाना कधी उघडतो? चार आठवडे गोळ्या घेतल्या नाहीत, हे डॉक्टरीणबाईंना मीच सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."