दुकानातला काटा

रविवारी दुकान उघडण्याआधी धान्याच्या काट्यावर नातवंडांना बसवायचं, ही त्या घरची जुनी हौस. सासरे मोठ्याने वजन सांगत आणि शेजारीपाजारी ऐकायला थांबत. थोरल्या जावेचा मुलगा बसला की ती ऐटीत हसे. त्याच्याच वयाची धाकटीची मुलगी बसली की सासूबाई म्हणत, "लोकांना वाटेल, हिला घरात कुणी जेवायला देत नाही."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड होई. मुलीला जन्मापासून गिळायला त्रास होता. दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं होतं, ताठ बसवा, चमच्याच्या टोकावर थोडंच घ्या, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नको, तिने तोंड फिरवलं की थांबा. पण ही थांबून थांबून भरवत असताना जावेचा मुलगा समोर ताट चाटूनपुसून साफ करायचा. त्या लेकराचाही तिला राग येई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

त्या रविवारी तिने सासूबाईंचं ऐकलं. मुलीला मांडीवर आडवं घेतलं. सासूबाईंनी नाक दाबलं. "उघडतं मग तोंड. आम्ही अशीच वाढवली पोरं." धाकटीने पातळ केलेला भात ओतला, वर आणखी ओतला. आज जावेचा तोरा उतरवायचाच होता.

मुलगी ठसकली. मग ठसकाही थांबला आणि ओठ निळे पडले. थोरलीच धावली. पोरीला पालथं धरून तिने पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे रडणं फुटलं.

बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "आणा पोरांना, लोक थांबलेत."

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "काही झालेलं नाही तिला."

धाकटीने मुलीला उराशी घेतलं. "आई, ती काट्यावर बसणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. तिच्या नाकालाही यापुढे कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

थोरली अजून जमिनीवरच बसली होती. "मी ह्याला वजनाआधी पोटभर पाणी पाजते," ती हळूच म्हणाली. "तुझ्या पोरीने गाठलं, तर या घरात मला कोण विचारणार, असं वाटायचं."

जिच्यावर धाकटी जळत होती, तीही जळतच होती.

त्या दिवशी काट्यावर कुणीच बसलं नाही. बाहेरचे लोक चुकचुकत पांगले. वाईट नव्हते ते. 'पोर किती बारीक हो तुमचं' असं आईला सहज म्हणून पुढे जाणारे, तुमच्याआमच्यासारखेच होते.

संध्याकाळी, दवाखान्यात दाखवून आणल्यावर, धाकटीने मुलीला ताठ बसवलं आणि चमचा पुढे धरला. समोर जावेचा मुलगा भराभर जेवत होता. त्याच्या ताटाकडे तिची नजर गेलीच. मुलीने दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं.

तिने चमचा खाली ठेवला. ताटात भात उरला होता, आणि तो कुणाला दिसतोय हे तिने पाहिलं नाही.