मुर्गाबचा आकडा

९६

"पळत येऊ नका रे! बसा, दम घ्या, मग बोट द्या!"

सैराकान एजे ओरडत होती, पण लग्नाच्या तंबूबाहेर ऐकतो कोण? एजे म्हणजे ताई; सगळं गाव तिला तसंच म्हणतं. चौतीस वर्षं ती उंच डोंगरातल्या मुर्गाबच्या दवाखान्यात नर्स आहे. मी तुर्दुमामत, त्याच दवाखान्याची जीप चालवतो. लग्नात यंत्र नेण्याची कल्पना तिचीच. दवाखान्यात येतात ते आजारी. धडधाकट माणसं एका जागी सापडणार कुठे?

चूक माझी. मी गमतीने म्हणालो, "ज्याच्या रक्तात हवा जास्त, त्याला माझ्याकडून मेंढा!"

आमच्याकडे पैज गमतीची नसते. बोटाला चिमटा लावण्याआधी बाप्ये भात्यासारखे श्वास ओढू लागले. म्हाताऱ्यासुद्धा. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. माझे शहाण्णव. मेंढा माझा मलाच मिळाला. एजेच्या यंत्रात दोनशे बारा माणसं जमा झाली.

८७

यंत्र म्हणजे काय, ते एजेने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "आठ दवाखाने मिळून, आजारी कोण ते ओळखणारं एकच यंत्र शिकवतायत. आपली माणसं, त्यांच्या रक्तातल्या हवेचे आकडे, ईसीजी, सगळं इथेच राहतं. यंत्र त्यातून जे शिकतं तेवढंच राजधानीत, दुशान्बेला जातं, आठांचं एकत्र होतं आणि परत येतं."

"मग अडलं कुठे?"

"बाकीचे सात खाली राहतात. त्यांच्याकडे सत्त्याऐंशी म्हणजे मरायला टेकलेला माणूस. आपल्याकडे सत्त्याऐंशी म्हणजे जोलबोर्स अता."

जोलबोर्स अता, म्हणजे जोलबोर्स आजोबा, ऐंशीचे, रोज याकांमागे फिरणारे. यंत्राने त्यांनाही लाल दिवा दाखवला. लाल म्हणजे खाली खोरोगच्या मोठ्या इस्पितळात; नियमच तसा. माझी जीप, अख्खा दिवस रस्ता.

"मी जन्मलो तेव्हापासून एवढाच श्वास घेतोय," अता गुरगुरले. "आता हा डबा मला पुरायला निघालाय होय?"

खोरोगने त्यांना तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. अशी बेचाळीस माणसं मी नेली आणि आणली. मग लोक दवाखान्यात यायचेच बंद झाले. गावातल्या बुरमाची छाती खरोखर भरली होती. लाल दिव्याच्या धास्तीने ती घरीच पडून राहिली आणि मार्चमध्ये गेली. एजेने तिला स्वतः न्हाऊ घातलं.

त्यानंतर एजेने दुशान्बेला फोन लावला. यंत्राचं काम बघणारी पर्वोना तिला मावशी या अर्थाने खोला म्हणते. ती म्हणाली, "खोला, सगळ्यांचं यंत्र एकच ठेवू, पण लाल की हिरवा हा शेवटचा निर्णय त्याला तुमच्या माणसांवरून शिकवता येतो. मला तुमची निरोगी माणसं हवीत. ऑक्टोबरपर्यंत. नाही जमलं तर आमचे वरिष्ठ सगळीकडे सरसकट एकच निर्णय लावणार."

म्हणून यंत्र त्या लग्नात नेलं.

०

आठवड्याने यंत्राने जोलबोर्स अतांना पुन्हा लाल केलं. नुसतं लाल नाही, आधीपेक्षा जास्त खात्रीने.

एजेने पडद्यावर लग्नातले आकडे उघडले. मग माझ्याकडे वळली. "तुर्दुमामत, तुझे शहाण्णव कसे आले रे?"

मी पैजेचं आणि ओढलेल्या श्वासांचं सांगून टाकलं. धडधाकट म्हणजे नव्वदीच्या वर, असंच यंत्र शिकलं होतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझ्यासमोरच पर्वोनाला फोन केला. "माझे दोनशे बारा खोटे आहेत. पुसतेय."

"खोला, सप्टेंबर लागलाय! थोडे तरी ठेवा. कमी पडतील."

"पडू देत. खोटं शिकलेल्याला कोण विचारणार, खरं काय ते?"

८८, ८६, ८९, ८५

घरोघरी. कुरणावरच्या प्रत्येक तंबूत. चहा आधी पिऊन घ्यायचा, मग पाव तास बसायचं. बोलायचं नाही.

"पाव तास?" एक सासू म्हणाली. "सूनबाई बोलल्याशिवाय पाव तास? एजे, यंत्र कायमचं इथेच ठेव!"

एजे हसली नाही; घड्याळ बघत होती. टेकाड चढताना ती थांबे, ओठ जांभळे पडत, आणि मी हात पुढे केला की म्हणे, "गाडी सांभाळ तू." एकशे नव्वद माणसं झाली. एकही आकडा नव्वदीवर नाही.

ऑक्टोबरच्या चार तारखेला जोलबोर्स अतांच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. अतांनी टोपी काढून पडद्याला सलाम केला. "शिकलं गाढव," म्हणाले. दुपारपर्यंत दारात रांग लागली. तीस माणसांत दोन लाल, आणि त्या दोघांनी वाद न घालता बोचकी बांधली.

७४

शेवटी दवाखान्याचे कर्मचारी. एजे पाव तास बसली. चिमटा लावला. चौऱ्याहत्तर. लाल.

"डोंगराचंच असेल, एजे," मी म्हणालो. "आपण सगळे असेच."

"नाही. डोंगराचं काय ते त्याला आता कळतं." तिच्या आवाजात असं काही होतं, जसं मुलगी परीक्षेत पहिली आल्यावर आईच्या आवाजात असतं. "जीपमध्ये तिघांची जागा आहे ना?"

नोंदवहीत तिने आपलं नाव लिहिलं आणि पुढे, त्याच गोल अक्षरात, 'खाली पाठवावे'. परत कधी यायचं, त्या रकान्यात दवाखान्याच्या डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही. उंचीवरच्या विरळ हवेचा हा आजार वर राहून बरा होत नाही, हे तिलाच सगळ्यात आधी ठाऊक.

खोरोगला उतरायचं तर आधी खिंड चढावी लागते. मी मागच्या सीटवर गादी घातली होती. तिने ती दुसऱ्या दोघांना दिली आणि पुढे बसली. खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवायला लावली, उतरली, मागच्या दोघांची बोटं एकेक करून तपासली, आकडे कागदावर टिपले. मग वाऱ्याने सुटलेला रुमाल नीट बांधून घेतला आणि दार स्वतःच ओढून लावलं.