डोळ्यांना विश्रांती

तिनं शेवटची कुपी दिव्यासमोर उलटी केली. पाच सेकंद काळ्या फलकापुढे, पाच सेकंद पांढऱ्या फलकापुढे. कण दिसला नाही, तेव्हा कुपी ट्रेमध्ये ठेवून ती उठली. औषधाच्या कारखान्यात तासभर कुप्या तपासल्या की दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती द्यायची, असा नियम होता. विश्रांतीच्या खोलीत येऊन तिनं फोन उघडला.

शेजारच्या मैत्रिणीनं डोळ्यांवरचा ओला रुमाल एका बाजूनं उचलला.

"डोळ्यांना सुट्टी दिलीय ताई, आणि तुम्ही दुसऱ्या पाळीला लावताय."

"बाबा पडतील गं."

"सकाळपासून तिसऱ्यांदा बघताय. तुमच्या नजरेच्या टेकूवर उभे आहेत का ते?"

ती किंचित हसली. पडद्यावर बाबांची खोली आली. महिन्यापूर्वी कपाटावर कॅमेरा बसवला, तेव्हा बाबा त्यावर टॉवेल टाकायचे. हल्ली त्याच्यासमोर बसण्याआधी पाण्याचा हात लावून केस बसवायचे. विस्मरणात बरीच माणसं गळून गेली होती. देवाशी बोलणं तेवढं उरलं होतं, आणि देव आता कपाटावर होता.

तिनं इयरफोन कानात घातले.

"तुझ्यापासून कुठं लपणार, प्रभू," बाबा म्हणत होते. "हौदाच्या तळाशीही तू होतासच."

तिनं आवाज वाढवला. हौद हा शब्द घरात चाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

"पोरीनं मला उठवलं होतं. म्हणाली, बाबा, मी खेळायला जाते, बाळाकडे बघा. मी हो म्हणालो अन् कूस बदलली. तिच्या आईला मात्र सांगितलं, पोरीवर सोपवून झोपलो होतो. तू ऐकत होतास."

भाऊ हौदात बुडाला तेव्हा ती सात वर्षांची होती, तो दोन वर्षांचा. आपण बाबांना उठवलं होतं असं तिला वाटायचं. पण ते खरंच घडलं, की ओझं हलकं व्हावं म्हणून मनानं मागाहून रचलं, हे ताडून पाहायला काही साधन नव्हतं. म्हणून ती कधी बोलली नाही. आईनंही तिला कधी बोल लावला नाही. फक्त मरेपर्यंत नात्यातलं एकही बाळ तिच्या मांडीवर दिलं नाही.

"अजून डोळ्यांत तेल घालून बसते ती," बाबा म्हणाले. "तू पाहिलंस. मग काहीतरी बोल की."

पडद्याच्या कोपऱ्यात बोलण्याचं बटण होतं. तिनं ते दाबून धरलं. बाबा, मी सात वर्षांची होते. वाक्य तयार होतं.

बटण दाबलं की तिकडे कॅमेऱ्यावर निळा दिवा लागायचा. बाबांनी वर पाहिलं. त्यांचे ओठ हलायचे थांबले. बराच वेळ ते त्या ठिपक्याएवढ्या उजेडाकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे सैल पडले आणि खुर्चीतच डोळे मिटले.

बोट उचललं की दिवा विझणार होता.

मैत्रिणीनं खांद्याला हात लावून घड्याळ दाखवलं. तिनं नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, मूल नुकतंच झोपलेल्या घरात ठेवतात तसं.