जोडीदाराची पिशवी

इस्त्रीच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना कासवाला धाप लागली. मांडीत सळई बसल्यापासून त्याला साधा उंबरठाही डोंगर वाटायचा. तुकडीत सगळे त्याला कासव म्हणत, कारण जेवणापासून बूट बांधण्यापर्यंत तो सगळ्यांच्या मागे. फसलेल्या मोहिमेतून परतला तोही एकटाच, सगळ्यांनी आशा सोडल्यावर.

काखेत कापडी पिशवी होती. तुकडीतल्या जोडीदाराची.

मोहिमेवर निघताना घड्याळ, अंगठी, पाकीट, ओळख सांगणारं काही म्हणजे काही अंगावर ठेवायचं नसे. सगळं पिशवीत भरून आपापल्या कपाटात ठेवायचा नियम. या दोघांनी मात्र आपलीच रीत काढलेली: तुझी पिशवी माझ्या कपाटात, माझी तुझ्या. म्हणजे एकमेकांची अमानत परत द्यायला तरी यावंच लागतं. जोडीदार आला नाही. कचेरीनं त्याचं कपाट उघडून सापडलं ते सामान त्याच्या घरी पोचतं केलं. कासव तेव्हा इस्पितळात बेशुद्ध पडलेला. बरा होऊन स्वतःचं कपाट उघडलं, तेव्हा कुठे त्याला घोळ कळला.

"बसा भावजी," जोडीदाराची बायको म्हणाली. तिनं स्टुलावरचा कपड्यांचा गठ्ठा उचलला. "हे म्हणायचे, कासव सगळ्यांच्या शेवटी पोचतं. इथं तर पहिला नंबर लावलात की."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

"तुमच्या लेकाचा दोस्त."

"मग लेक कुठाय?"

"मागून येतोय," सून म्हणाली, आणि हसली.

कासवानं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"गेले म्हणतात," ती आवाज खाली आणून बोलू लागली. "देह दाखवला नाही. सामान पाठवलं तेही भलत्याचं. कचेरीत सांगून सांगून जीभ झिजली माझी." तिनं खणातून घड्याळ काढलं. "हा पट्टा बघा, काडीपैलवानाचा. ह्यांच्या मनगटाला पुरेल का? ज्याचं आहे तो गेला असेल बिचारा. रोज किल्ली देते मी घड्याळाला. त्याच्यासाठी रडणारं कुणी असेल नसेल, म्हणून मीच रडले थोडी."

कासवाच्या मरणावर रडलेलं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. खरं तर तिथून उठून चालू लागावं, असं त्याला वाटलं. पण आणखी कोण येणार होतं सांगायला?

त्यानं तिच्या हातातून घड्याळ घेतलं आणि मनगटावर चढवलं. पट्टा आपल्या जुन्या भोकात बरोब्बर बसला.

"वहिनी, हे माझं आहे." त्यानं पिशवी पुढे केली. "त्याचं हे."

तिनं पिशवी उघडली. अंगठी. पाकीट. पाकिटात तिचाच फोटो, इस्त्रीचा चटका बसल्यावर तोंड वाकडं केलेला. हा फोटो फाडून टाक म्हणून ती नवऱ्याशी भांडली होती.

तिनं फोटो पाकिटात परत ठेवला. मग इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तुमच्यासमोर?"

"माझ्या पाठीवर. ओढ्यापर्यंत बोलत होता."

"काय?"

"शिव्या देत होता. जरा भराभर चाल म्हणून."

तिनं मान हलवली. हे तिला पटलं.

"मग गप्प झाला. मांडीत गोळी होती माझ्या, पुढे उचलवेना. दगडाआड ठेवला त्याला. तोंडावर माझं जाकीट घातलं."

"अगं, चहा टाकलास का?" आतून आवाज आला. "तो आला की लगेच मागेल बघ."

कासव काठी टेकून उठू लागला. "मी सांगतो त्यांना."

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मीच सांगेन. पण आधी एवढा गठ्ठा होऊ दे. तेवढा वेळ राहू दे त्यांचा मुलगा."

तिनं इस्त्रीचं बटण पुन्हा दाबलं. समोर आला तो सदरा ओढला. त्याला आधीच इस्त्री झालेली होती. कासवाला ते दिसलं. त्यानं स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या हातातून सुटलेला सदरा घेऊन, घाई न करता, घडी घालू लागला.