मोळीवाल्यांच्या टेम्पोवरची बुटकी क्रेन

मित्रांनो, क्रेन म्हटले की तुमची मान आपोआप वर जाते. माझ्यासाठी तेवढी तसदी घेऊ नका. मी एक जुनी, बुटकी क्रेन आहे. हात दुमडून बसले की टेम्पोच्या केबिनवर माझे फक्त कोपर दिसते. तरीही मी गल्लीत शिरले की खिडक्या उघडतात. का उघडतात, ते सांगायला मला फार आवडते. थोडी शेखी मिरवण्याची खोड आहे मला, तेवढी सांभाळून घ्या.

माझी पहिली सोळा वर्षे बस दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये गेली. बसचे अवजड इंजिन अलगद बाहेर काढायचे आणि मेकॅनिकच्या पुढ्यात ठेवायचे, हे माझे काम. "हिच्या हाताला धक्का म्हणून नाही," असे तिथला हेडमेकॅनिक म्हणाला की, लोखंडाची असूनही, माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. मग छताखाली रुळांवर धावणारी मोठी क्रेन आली आणि मला कोपऱ्यात ढकलले गेले. कुणी माझ्या आकड्याला जेवणाचा डबा अडकवला, कुणी ओली छत्री. सात वर्षे मी लोकांच्या छत्र्या सांभाळल्या. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

त्या शेडमध्ये एक फिटर होता. कोणतीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून सगळे त्याला तीनदामामा म्हणत. त्याच्या घराशेजारी जळाऊ लाकडाची वखार होती. वखारीच्या मालकांचे वडील लाकडाच्या मोळ्या विकत, म्हणून यांनाही लोक मोळीवालेच म्हणत. खरे तर हे विकत गोण्या. चाळीस वर्षे एकेक गोण डाव्या खांद्यावर घेऊन ते गिऱ्हाइकाच्या चुलीपाशी पोचवत होते. गोणीखाली खांद्यावर एका जुन्या पोत्याची घडी असे. ती घडी खांद्यावर नसली तर मोळीवाले ओळखूच येत नसत.

त्या वर्षी त्यांच्या पाठीने दगा दिला. भरल्या बादलीपेक्षा जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आता वखारीतले निम्मे लाकूड एकाच बेकरीला जाई. बेकरीची भट्टी मागच्या अंगणात होती. अंगणाला उंच भिंत, आणि आत शिरायला एक माणूस अंग चोरून जाईल एवढेच दार. त्या दारातून गोण्या वाहायला ठेवलेला कोणताही मजूर आठवडाभरही टिकला नाही. लाकूड दोनदा उशिरा पोचले तेव्हा बेकरीवाल्या बाईंनी स्पष्टच निरोप धाडला, "शनिवारी दुपारपर्यंत लाकूड अंगणात पडलं नाही, तर मी भट्टी गॅसवर नेते." बेकरी हातची गेली तर वखारीला टाळे लागणार, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते.

वखारीचा टेम्पो मोळीवाल्यांची लेक चालवायची. तीनदामामाला घेऊन ती शेडमध्ये आली. माझ्या आकड्यावरची छत्री तिने काढली, भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारले, "मामा, ही आपल्या टेम्पोवर बसेल का हो?"

मामाने मला मोजले, मग टेम्पोला, मग पुन्हा मला. "बसेल," तो म्हणाला, "पण दोन्ही बाजूंना पाय लावावे लागतील."

शेडवाल्यांनी मला भंगाराच्या भावात देऊन टाकले आणि पुढचे चार दिवस माझे लाड झाले. मामाने माझा गंज घासून काढला, वाळलेल्या रबरी चकत्या बदलल्या, नवे तेल भरले. टेम्पोच्या केबिनमागे जाड पोलादी पट्ट्यांवर मला बोल्टांनी घट्ट बसवले. टेम्पोला दोन लोखंडी पाय आले. वजन उचलताना ते जमिनीवर टेकवायचे, म्हणजे टेम्पो हलत नाही. लेकीने जाड कापडाच्या मोठ्या गोण्या शिवल्या. एकेकीत जुन्या दहा गोण्यांचे लाकूड मावायचे, आणि आकडा अडकवायला वर चार बंद होते.

मोळीवाले हे सगळे खुर्चीवरून बघत होते. एकदा ते मामाला म्हणाले, "मी खांद्यावरून आणून देतो, म्हणून लोक मला ओळखतात. उद्या हे लोखंड आणून देणार. मग मी कोण?" मामा मान खाली घालून बोल्ट आवळत राहिला. खरे सांगते, मला वाईट वाटले.

शुक्रवारी वखारीत चाचणी झाली. मोळीवाल्यांनी सांगितले तशा चार मोठ्या गोण्या टेम्पोत लागल्या. लेकीने मला चालवायचा दांडा ओढला आणि मी पहिली गोण उचलली. पण माझा हात माझ्या ताब्यातच राहिला नाही. तो आपोआप डावीकडे धावला, गोण फाटकाच्या खांबावर आदळून फाटली आणि लाकडे अंगणभर झाली. माझ्या हाताला धक्का नाही म्हणणारा तो हेडमेकॅनिक तिथे नव्हता, हेच नशीब.

"काढून टाका हिला," मोळीवाले म्हणाले.

लेक मात्र टेम्पोभोवती एक फेरी मारून आली. टेम्पो डावीकडे कलला होता, आणि त्या बाजूचा पाय वर्षानुवर्षे साचलेल्या सालपटांच्या मऊ थरात रुतला होता. "बाबा, चारही गोण्या डावीकडेच का लावायला सांगितल्यात?"

"मग कुठे लावणार? चाळीस वर्षं तिथेच लावतोय. डाव्या खांद्यावर घ्यायला बरं पडतं."

"पण हिला खांदा नाहीये, बाबा."

मामाने कपाळावर हात मारून घेतला. सगळे तीनदा मोजणाऱ्या मामाने माल कुठे लावलाय, हे एकदाही पाहिले नव्हते. मग फाटलेली गोण बदलली, चारही गोण्या टेम्पोच्या मधोमध लागल्या आणि जाड ओंडक्याच्या दोन चकत्या कापून माझ्या पायांखाली आल्या. संध्याकाळपर्यंत मी सहा वेळा गोण उचलली आणि ठेवली. एक ढलपीही सांडली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही बेकरीच्या भिंतीशी उभे राहिलो. तिथे नवीच अडचण निघाली. दांड्यांपाशी उभ्या असलेल्याला भिंतीपलीकडचे काही दिसत नव्हते. आत उभे राहून कुणीतरी ओरडून सांगायला हवे होते, आणि मामा तर कामावर गेलेला. लेक आत गेली. दांड्यांपाशी उरले एकटे मोळीवाले. आदल्या संध्याकाळी लेक दांडे कसे ओढते, हे त्यांनी सहाही वेळा नीट पाहिले होते.

अंगणात बेकरीवाल्या बाईंच्या सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. लेक म्हणाली, "आजी, जरा आत बसता?"

"तीस वर्षं इथे बसतेय. गोणीला म्हणावं, तू सरक."

शेवटी खुर्चीसकट त्या दारात सरकल्या. लेकीने आतून हाक दिली, "बाबा, नळाजवळ सोडा!" भिंतीपलीकडून मोळीवाले ओरडले, "नळाजवळ नको! तिथे गटाराचं झाकण आहे, ते तडकलेलं आहे. दोन पावलं भट्टीकडे घेतो." त्यांना दिसत काहीच नव्हते. पण त्या अंगणात चाळीस वर्षे त्यांची पावले पडली होती. त्यांनी दांडा इतक्या हळू ओढला, की असा हात मला सोळा वर्षांतही लाभला नव्हता. गोण उठली, भिंतीवरून गेली, वाळत घातलेल्या चादरीला न शिवता खाली आली आणि भट्टीच्या तोंडाशी टेकली.

मग आजी म्हणाल्या, "पुन्हा करून दाखवा."

आम्ही तीनदा करून दाखवले. तोवर गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या होत्या आणि वरून टाळ्या पडत होत्या. दुपार व्हायला अजून बराच अवकाश होता. बेकरीवाल्या बाई बाहेर आल्या, हाताचे पीठ झटकत म्हणाल्या, "मोळीवाले, पुढच्या शनिवारी पाच आणा." त्या मला नव्हे, त्यांना म्हणाल्या, आणि मला त्याचा जराही राग आला नाही. अशी धन्य मी आयुष्यात झाले नव्हते.

वखारीत परतल्यावर मोळीवाल्यांनी खांद्यावरची पोत्याची घडी काढली. ती माझ्या कोपरावर गुंडाळली आणि सुतळीने बांधली.

"बाबा, तुमचं पोतं?" लेकीने विचारले.

"सांध्यात धूळ जायला नको." ते गाठ मारत म्हणाले, "हिला खांदा नाही म्हणालीस ना? आता आहे."

ते पोते आजही माझ्या अंगावर आहे. दर रविवारी मोळीवाले ते सोडतात, मला पुसतात, ग्रीस देतात आणि पुन्हा बांधतात. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, एखाद्या कोपऱ्यात माझ्यासारखे कुणी उभे असेल. त्याच्या अंगावर कुणाची तरी छत्री टांगलेली असेल. ती काढा. धूळ पुसा, तेलाचे दोन थेंब द्या. आणि मग जरा मागे सरकून उभे राहा.