पंचाला कॉफीसुद्धा नाही

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता रॉक्सॅन, म्हाताऱ्या अल्सीदने नेमलेली मूल्यमापक, त्याच्या घरासमोर गाडीत बसून चौथ्यांदा फोन बघत होती. विम्याच्या कागदात नियम सरळ होता. घरमालकाचा एक मूल्यमापक, कंपनीचा एक, आणि दोघांनी मिळून पंधरा दिवसांत एक तटस्थ पंच निवडायचा. तिघांपैकी दोघांचं जमलं की नुकसानीचा आकडा पक्का. पंच ठरला नाही तर तो कोर्ट नेमणार.

आज पंधरावा दिवस होता. सोमवार-मंगळवार मार्डी ग्राच्या सणाची सुट्टी, आणि कोर्टात वादळग्रस्तांच्या अर्जांची एवढी रांग की ऑगस्टच्या आत अल्सीदचा नंबर लागणार नाही. तोवर पुढचं वादळ येईल, आणि गेल्या वादळात मार खाल्लेल्या छपरावर अजून निळी ताडपत्रीच.

नाव तसं ठरलं होतं. तिने तीन दिली, कंपनीच्या डर्वुडने तीन. खोडत खोडत वेस्ली प्रेजाँ उरला, निवृत्त इंजिनियर. फक्त सह्या बाकी होत्या.

अल्सीद दारातच उभा होता. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस, अजूनही येणाऱ्या प्रत्येकाला मोजून आत घेतो. “ये पोरी, सणाचा किंग केक खा.”

“मिस्टर अल्सीद, पंच ठरतोय. वेस्ली प्रेजाँ.”

“आपला वेस्ली!” त्याने मांडीवर थाप मारली. “मग झालंच की काम!”

“आपला म्हणजे?”

“मी धर्मपिता ना त्याचा! बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं हातात. काय किंचाळत होतं कार्टं!”

“मी यादी दाखवून विचारलं होतं तुम्हाला. नातं, धंदा, काही संबंध? नाही म्हणालात.”

“मग नाहीच. रक्ताचं कुठे आहे? आणि असं धरायला लागलीस तर या गावात कोण कोणाचा धर्मपिता नाही?”

रॉक्सॅन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. डर्वुड बाहेरचा, डॅलसचा, त्याला कळणार नव्हतं. पण नंतर कधी कळलं तर अख्खा निवाडा रद्द. शिवाय तिच्याकडे स्वतःची मोजणी होती: आग्नेयेच्या उतारावर वाकून दुमडलेले छपराचे एक्केचाळीस शिंगल-तुकडे, वायव्येला दोन. कंपनी म्हणत होती, छप्पर म्हातारं झालंय. म्हातारपण एकाच बाजूने येत नाही, वारा येतो. हे सिद्ध करायला धर्मपुत्र कशाला हवा?

तिने फोन लावला.

“डर्वुड, वेस्ली नको. अल्सीदचा धर्मपुत्र निघाला.”

“आत्ता सांगतेस? तीन वाजले!”

“आत्ताच कळलं.”

“तुमच्याकडे माणसं कमी आणि नाती जास्त.”

“टोमणे नंतर मार. नाव दे.”

“लनोरा स्टूट्स. तूच खोडलंस.”

रॉक्सॅनच्या येरझाऱ्या थांबल्या. गेल्या वर्षी दुसऱ्या एका घराच्या वादात पंच म्हणून लनोराने तिचं मोजमाप निम्म्यावर आणलं होतं. संतापून तिने सगळं पुन्हा तपासलं, तेव्हा एक अख्खी भिंत आपण दोनदा धरल्याचं सापडलं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

“हॅलो? आहेस का?”

“चालेल,” ती म्हणाली. “पाठव. सही करते.”

पावणेपाचला लनोराचं उत्तर आलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सकाळी सात. अठ्ठावीस फुटी शिडी हवी. दोन्ही मूल्यमापकांनी हजर राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

“ही बाई आपल्या बाजूची आहे ना?” अल्सीदने विचारलं.

“नाही.”

“मग कशाला आणतेस?”

“ती वर चढून बघते.”

वर ताडपत्री फडफडली. अल्सीदने तिकडे एकदा पाहिलं. “बरं. सातला येणार म्हणजे कॉफी तरी करून ठेवतो.”

“कॉफीसुद्धा नाही, मिस्टर अल्सीद.”

“घरी आलेल्या माणसाला?” छप्पर गेलं तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडला नसेल. “केकचा एक तुकडा?”

“काही नाही. आणि वेस्लीचं नावही काढायचं नाही.”

तो पुटपुटत आत गेला. रॉक्सॅनने मोजणीचा कागद उघडला. एक्केचाळीस. नक्की एक्केचाळीसच ना? उजेड अजून तासभर होता.

“मिस्टर अल्सीद,” तिने हाक मारली, “शिडी कुठे ठेवलीय?”